घरच्यांचा फोटो
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही छायाचित्रकार नव्हे. चुकत चुकत शिकलेली गृहिणी. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला मी भर दुपारी बारा वाजता सर्वांना अंगणात उभे केले. ऊन डोक्यावर, सर्वांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या, आणि डोक्यावरच्या पदरामुळे सासूबाईंचा चेहरा दिसेचना. वर्षाच्या आत त्या गेल्या. तोच त्यांचा शेवटचा फोटो.

तेव्हापासून काही गोष्टी कटाक्षाने पाळते. फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा सूर्यास्तापूर्वीच्या तासात काढावा. दुपार टळतच नसेल तर मंडळींना सावलीत, पण मोकळ्या उजेडाकडे तोंड करून बसवावे. तोंडावर कवडसे नकोत. दोन रांगा असल्या तर कॅमेऱ्याचे छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवावे, म्हणजे दोन्ही रांगा स्पष्ट येतात. मुले हलतात, म्हणून वेग सेकंदाचा १/२५० तरी हवा. मोबाईल असेल तर पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकवावे. उजेड चेहऱ्यानुसार जुळतो.

वडीलधाऱ्यांना आधी बसवा, मुलांना शेवटी बोलवा. आणि एक फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. नाहीतर आल्बममध्ये सगळे असतात, आईच नसते!