सभागृह आणि न्यायासन : गवई पिता-पुत्रांची वाटचाल



आपल्या मावळच्या परिसराला बाबासाहेबांचा सहवास लाभलेला आहे. तळेगाव दाभाडे येथे त्यांचे निवासस्थान होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि लोकप्रतिनिधीही होते. कायदा आणि राजकारण ही दोन्ही साधने त्यांनी एकट्याने पेलली. पुढे त्यांच्या विचारांच्या एका घरात पित्याने राजकारण हाती घेतले, पुत्राने कायदा. ते घर अमरावतीच्या गवईंचे. आज आम्ही त्यांच्याविषयी चार शब्द बोलणार आहोत.

रामकृष्ण सूर्यभान गवई, म्हणजे आपल्या सर्वांचे दादासाहेब, यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ रोजी अमरावती जिल्ह्यातील दारापूर या खेड्यात झाला. वकील व्हावे ही त्यांची इच्छा होती. परंतु चळवळीतील अटकेमुळे कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिले. ते राजकारणात गेले आणि रिपब्लिकन पक्षाचे नेते झाले. १९६४ ते १९९४ अशी तीस वर्षे ते विधान परिषदेत होते. त्यांपैकी दहा वर्षे उपसभापती आणि १९७८ ते १९८२ या काळात सभापती. १९९८ साली रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार महाराष्ट्रातून निवडून आले, आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून! त्यांत अमरावतीचे दादासाहेब होते. पुढे ते राज्यसभेत गेले, बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. २५ जुलै २०१५ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

पुत्र भूषण यांचे प्राथमिक शिक्षण अमरावतीच्या फ्रेजरपुरा वस्तीतील नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले. त्यांना वास्तुविशारद व्हायचे होते. वडिलांची अपुरी राहिलेली इच्छा म्हणून ते कायद्याकडे वळले आणि १९८५ साली वकिली सुरू केली. न्यायाधीशपदाचा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी त्यांना सांगितले की, वकील राहिलास तर पैशामागे धावशील, न्यायाधीश झालास तर बाबासाहेबांच्या वाटेने जाऊन समाजाच्या उपयोगी पडशील. २००३ साली ते उच्च न्यायालयाचे, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १४ मे २०२५ रोजी त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. तो दिवस पाहायला दादासाहेब मात्र नव्हते.

मित्रहो, येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या वडिलांची हयात राजकारणात गेली, त्याने निःपक्ष न्याय कसा द्यावा? जुलै २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या शिक्षेचे प्रकरण भूषण गवई यांच्यासमोर आले. तेव्हा त्यांनी भर न्यायालयात स्वतःहून सांगितले की, माझ्या वडिलांचा काँग्रेसशी संबंध होता, भाऊ आजही राजकारणात आहे. कोणाची हरकत असेल तर सांगावे. दोन्ही बाजूंनी हरकत नाही असे सांगितले, मगच काम पुढे चालले. त्यांनी नाते लपवले नाही आणि नात्याचा आधारही घेतला नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी निकाल दिला की, केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचे घर बुलडोझरने पाडता येणार नाही. बांधकाम बेकायदा असले तरी आधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. झोपडीत राहणाऱ्या माणसाला या पंधरा दिवसांचे मोल कळते. या निकालाचे आपण मनापासून स्वागत केले.

पण त्याआधी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाच्या खटल्यात त्यांनी अनुसूचित जाती-जमातींनाही क्रिमीलेअर लावावा असे मत नोंदवले. समाजात त्यावर मोठा रोष झाला. आम्हालाही ते मत पटलेले नाही. जातीचा जाच पगाराचा आकडा पाहून थांबत नाही. चांगल्या पगाराचा माणूस भाड्याने घर शोधू लागला की त्याला त्याची जात विचारली जाते. यावर लिहावे, बोलावे, सनदशीर मार्गाने लढावे. पण 'आपला माणूस' असूनही त्याने असे केले, ही तक्रार कितपत योग्य आहे? प्रत्येक समाज आपल्या न्यायाधीशाकडून आपल्या बाजूचा निकाल मागू लागला, तर ज्यांचा एकही माणूस न्यायासनावर नाही त्यांनी कोणाकडे जावे? शतकानुशतके आपणच त्या जागी उभे होतो, हे विसरता येणार नाही.

बाजू घेणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे. दादासाहेबांनी ते सभागृहात केले. दोन्ही बाजू ऐकणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे. समाजाला दोघांचीही गरज आहे. एकाचे काम दुसऱ्याकडून मागू नये.

न्या. गवई २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद स्वीकारणार नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते.

विद्यार्थी मित्रहो, लोणावळ्याहून लोकलने पुण्याला शिकायला जाणाऱ्यांपैकी काहींनी तरी कायद्याकडे वळावे, ही आमची विनंती आहे. नुसता अभिमान बाळगू नका. निकालपत्रे स्वतः वाचा, पटले नाही तर कारणासह नाही म्हणा. बाबासाहेबांनी आपल्या हाती संविधान दिले. ते वाचणारे आणि न्यायालयात मांडणारे हात आता मावळातूनही पुढे यावेत.

जयभीम! नमो बुद्धाय!