पडद्यावरचा खेळ आणि भाषेचे शिक्षण



भेंड्या, कोडी आणि उखाणे यांच्या रूपाने मराठी घरांत भाषेचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आज असाच खेळ वर्गातील पडद्यावर आला आहे. नॉर्वेत तयार झालेली ‘कहूट’ ही ऑनलाइन प्रश्नमंजूषा २०१३ पासून अनेक देशांतील शाळांत पोहोचली. प्रश्न पडद्यावर झळकतो, विद्यार्थी फोनवरून उत्तर देतात आणि गुण तत्काळ दिसतात.

या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, उतारा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून लिहिल्यास आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. मात्र पर्यायांतून शब्द ओळखणे वेगळे आणि तो स्वतः योजणे वेगळे. ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब, हे पडद्यावर अचूक ओळखणारे मूल वाक्य लिहिताना अडखळू शकते. शिवाय शीघ्र उत्तराला अधिक गुण मिळत असतील, तर मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल मराठी प्रश्न समजून घेता घेताच मागे पडेल.

यास्तव शिक्षकांनी वेळेचे बंधन सैल करावे. एका फोनवर तिघाचौघांना विचारविनिमय करू द्यावा. म्हणजे घरी फोन नसलेले मूलही वगळले जाणार नाही. प्रत्येक प्रश्नानंतर ‘हेच उत्तर का?’ असे विचारावे आणि त्या शब्दाचे एक वाक्य वहीत लिहून घ्यावे. खेळाने जागविलेली उत्सुकता अशा रीतीने भाषेच्या वापरापर्यंत पोहोचेल.