समाजमाध्यमांचा नाद : सवय कीं व्यसन ?



"ह्याला मोबाईलचें व्यसन लागलें आहे," हें वाक्य आज घरोघर ऐकूं येतें. आई तें मुलाविषयीं उघड बोलते, सून तें सासऱ्यांविषयीं मनांतल्या मनांत बोलते. वाक्य रागाच्या भरांत उच्चारलें जातें. पण त्यांतील शब्द साधा नाहीं. दारूनें उद्ध्वस्त झालेल्या संसाराची हकीकत सांगतांना आपण जो शब्द वापरतों, तोच फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप यांत रमलेल्या मुलीला लावणें न्याय्य आहे काय, याचा आज थोडा विचार करूं.

गंमत अशी कीं, 'इंटरनेटचें व्यसन' हा रोग प्रथम थट्टेंतून निघाला. १९९५ सालीं इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानें रोगनिदानाच्या ग्रंथांची चेष्टा करण्यासाठीं त्याचीं लक्षणें लिहिलीं. आणि वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तीं खरीं मानलीं! पुढें थट्टेचें शास्त्र झालें. २०१२ सालीं नॉर्वेंतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनीं फेसबुकसाठीं सहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. मनांत सतत तेंच घोळतें काय ? पूर्वींइतकें आतां पुरत नाहीं काय ? दुःख विसरण्यासाठीं त्याचा आश्रय घेतां काय ? कमी करण्याचा प्रयत्न फसला काय ? तें न मिळाल्यास अस्वस्थ होतां काय ? आणि काम किंवा अभ्यास त्यामुळें बिघडला काय ? व्यसनी माणसाची परीक्षा करावयाच्या जुन्या कसोट्याच येथें नव्या वस्तूला लावलेल्या आहेत.

असें असूनही वैद्यकानें अद्याप शिक्कामोर्तब केलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तींत जुगाराच्या आणि व्हिडिओ खेळांच्या आहारीं जाणें हे विकार म्हणून नोंदले आहेत. समाजमाध्यमांची मात्र तशी स्वतंत्र नोंद नाहीं.

मग साम्य कोठें आहे ? माझ्या मतें तें दारूशीं थोडें आणि जुगाराशीं अधिक आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरील प्रयोग प्रसिद्ध आहेत. चार्ल्स फर्स्टर याच्या सहकार्यानें त्यानें ते १९५७ सालीं ग्रंथरूपानें मांडले. प्रत्येक टोचेला दाणा मिळण्याची संवय असेल, तर दाणा बंद होतांच कबुतर लवकर थांबतें. पण दाणा कधीं तिसऱ्या, तर कधीं तिसाव्या टोचेला मिळत असेल, तर तें कितीतरी वेळ टोचत राहतें. जुगाराच्या यंत्राचें मर्म हेंच, आणि अंगठ्यानें पडदा खालीं ओढून 'कांहीं नवें आलें काय' हें पाहण्याचेंही मर्म हेंच. बहुतेक वेळां कांहींच नसतें. एखादे वेळीं कोणीतरी वाहवा केलेली असते. ती एक वाहवा पुढच्या वीस फेऱ्यांचा खर्च भरून काढते. शिवाय पुस्तकाचें प्रकरण संपतें, वर्तमानपत्राचें शेवटचें पान येतें. पण या पडद्याला तळच नाहीं. ही युक्ति २००६ सालीं काढणाऱ्या अझा रास्किन यानेंच पुढें तिच्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. तेव्हां सगळा दोष मुलांच्या मनोदौर्बल्यावर टाकणें बरोबर होणार नाहीं.

भेदही तितकाच स्पष्ट आहे. मुरलेल्या मद्यपीची दारू एकदम तोडली तर हातपाय कांपतात, भ्रम होतो, क्वचित् प्राणांवर बेततें. मोबाईल दूर ठेवल्यानें चिडचिड होते, चुळबुळ होते. पण शरीर असें कोसळत नाहीं. दुसरें असें कीं, दारूचा पेला परदेशांतील नातवाचें पहिलें पाऊल आजीला दाखवीत नाहीं. येथें उपयोग आणि अतिरेक एकाच भांड्यांत कालवलेले आहेत. अमेरिकेंत २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तीन अर्थशास्त्रज्ञांनीं असा अंदाज केला कीं, समाजमाध्यमांच्या एकूण वापरापैकीं ३१ टक्के वापर आत्मसंयम कमी पडल्यामुळें होतो. आंकडा लहान नाहीं; पण उरलेला मोठा भाग त्या सदरांत येत नाहीं, हेंही विसरूं नये.

आपल्या भाषेला हा प्रश्न अगदींच नवा नाहीं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें टाळावयाच्या व्यसनांची एक यादी आहे. त्या ग्रंथाच्या इतर मतांशीं येथें आपणांस कर्तव्य नाहीं. पण त्या यादींत मद्य आणि द्यूत यांच्याच पंक्तीला 'परिवाद' म्हणजे परनिंदा आणि 'वृथाट्या' म्हणजे निष्कारण भटकणें हीं दोन बसविलेलीं आहेत. रात्रीं अकरा वाजतां अंथरुणांत पडून शंभर अनोळखी लोकांच्या अंगणांतून फिरून येणें, याला वृथाट्येहून नेमका शब्द कोणता सांपडेल ? मराठींतही सवय, चटक, नाद, व्यसन अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरील माणसास शेवटचें नांव देण्याची घाई आपण करतों. 

ही घाई निरुपद्रवी नाहीं. ज्या मुलीला रोज 'व्यसनी' म्हटलें जातें, तिला हळूहळू आपल्या हातीं कांहींच नाहीं असें वाटूं लागतें. उलट, जो मुलगा खरोखरच अडकला आहे, ज्याची झोप, परीक्षा आणि मित्र गेले आहेत, त्यालाही आपण त्याच शब्दानें नुसतें रागावतों. वास्तविक त्याला उपचारांची गरज असते. बंगळूरच्या निम्हॅन्स संस्थेनें २०१४ सालीं अशा रुग्णांसाठीं स्वतंत्र सेवा सुरू केली, ती उगाच नव्हे. म्हणून किती तास गेले हें मोजण्यापेक्षां दोन गोष्टी पाहाव्या : ठेवावयाचें ठरविल्यावर हात तें यंत्र खालीं ठेवतो काय, आणि त्याच्यापायीं कोणतें कर्तव्य वा कोणतें सुख मागें पडलें आहे.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें २०२२ च्या ऑगस्टपासून सायंकाळीं ७ वाजतां भोंगा वाजवून ८.३० पर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू झाला. त्यांतील मोठी गोष्ट ही कीं, भोंगा साऱ्या गांवासाठीं होता. एकट्या मुलाचा मोबाईल हिसकावून घेतल्यास ती शिक्षा होते. सारें घर एकदम मोबाईल ठेवून पाटावर बसलें तर तो घराचा रिवाज होतो. शहरांतील बिऱ्हाडांना भोंगा नको. जेवणाची वेळ पुरे आहे. तेथें पहिला मोबाईल आजोबांनीं खालीं ठेवावा, एवढीच माझ्या वयाच्या श्रोत्यांस विनंती करून मी आपली रजा घेतों.