औषधाची परीक्षा

कात्रजच्या दूध संघाचे नाव आपल्या परिचयाचे आहे. गावातल्या केंद्रावर दूध घालायला गेलात म्हणजे नमुना घेतात, फॅट पाहतात आणि आकडा वहीत मांडतात. आता समजा, कुणी म्हणाले, चांगले लागलेले कॅन तेवढे मांडा, हलके निघालेले सोडून द्या. सभासद ऐकून घेतील काय? अहो, वहीच भिरकावतील!

पण औषधांच्या बाबतीत असेच पुष्कळ वर्षे चालले. नवे औषध रोग्यांना देऊन पाहतात, काय गुण आला ते वैद्यकीय नियतकालिकांत छापतात, आणि तेच वाचून आपले डॉक्टर चिठ्ठी लिहितात. त्या चिठ्ठीपायी दुधाचे अख्खे बिल जाते कधी कधी. चाचणीचा खर्च बहुधा औषध करणारी कंपनीच सोसते. त्यात वावगे नाही, पैसा कुणीतरी घालायलाच हवा. घोटाळा पुढे होतो. गुण आलेली चाचणी छापतात, न आलेली कपाटात राहते.

२००८ साली अमेरिकेत एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजले. उदासीनतेच्या विकारावरील १२ औषधांच्या ७४ चाचण्या तिथल्या सरकारी औषध खात्याच्या दप्तरी होत्या. खात्याच्या मते ३८ चाचण्यांत गुण आला होता. त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला वाटावे, गुण आला. जशाच्या तशा छापल्या, त्या अवघ्या ३. डॉक्टर बिचारा प्रामाणिकच, पण त्याच्या हाती आलेली वहीच अपुरी!

यावर तोड अशी निघाली, की पहिल्या रोग्याला औषध देण्याआधीच चाचणीची जाहीर नोंद करायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ च्या जुलैत अशी नोंदवही उघडली. पुढच्या वर्षी काही भारतीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन नोंदीचा आग्रह धरला, परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून निघणारे नियतकालिकही त्यांत होते. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना नोंद सक्तीची झाली.

आता नोंद झाली म्हणजे कॅन किती आले ते कळले, बरे का. फॅट किती लागली ते निराळेच. निकाल मागावाच लागतो. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. शाळेत सोय असेल तर गुरुजींनी वरच्या वर्गाला एकदा उघडून दाखवावी. ती इंग्रजीत आहे, ही अडचण मात्र खरी.