चंद्राने दिलेले शब्द
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा व्याकरण सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण आपले बायकांचे बोलणे चंद्रावाचून होत नाही, एवढे खरे. कपाळावर चंद्रकोर, गळ्यात चंद्रहार, पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा. क्वचित येणारी नणंद 'अवसे-पुनवेला' येते. २०२३ साली आपले यान चंद्रावर उतरले, तरी तान्ह्या मुलाला घास भरवताना तो चांदोमामाच आहे.

हे झाले गोड. पण 'अर्धचंद्र दिला' म्हणजे काय? मान धरून हाकलताना अंगठा आणि बोटे यांची कोर होते, ती. सुनेला घराबाहेर काढले तरी लोक हसत हसत हाच शब्द वापरतात. मला तो ऐकवत नाही.

तसेच 'चंद्रमौळी घर'. चंद्रमौळी म्हणजे शंकर, ज्याच्या माथ्यावर चंद्र तो. छपराच्या भोकांतून चंद्र दिसतो म्हणून गरिबाचे खोपटही चंद्रमौळी! गोष्टीत वाचायला छान वाटते. माझे माहेर तसेच होते. पावसाळ्यात रात्री उठून आई गळतीखाली पातेली, परात, तांब्या, जे हाताला येईल ते मांडी. तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती म्हणे, "घर गळतंय."

आपल्या मागल्या वस्तीतही अशी घरे आहेत. मंडळाच्या शिल्लकेतून पावसाच्या आधी त्यांना थोडी कौले देता येतील का, हा विषय अध्यक्षबाईंनी आजच्याच सभेत घ्यावा, अशी माझी विनंती आहे.