पाच वर्षांचा हप्ता, चार वर्षांची नोकरी

आज पदवी घेतलेल्या माझ्या मुला-मुलींनो,

निवृत्त सुभेदाराला बोलावलंय म्हणजे सीमेवरच्या गोष्टी ऐकायला मिळणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी जामीनकीबद्दल बोलणार आहे.

तुमच्यातले काही जण अग्निवीर व्हायला निघालेत. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000. त्यातले 9,000 सेवानिधीत कापून हातात 21,000. ही बातमी मुरबाडच्या एसटी स्टँडवर तुमच्या आधी पोचते. मग 'फौजी आहे, पगार पक्का' म्हणत कोणीतरी बुलेटचे पाच वर्षांचे हप्ते बांधून देतो. नोकरी चार वर्षांची, कायम होणार शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस. पाचवं वर्ष फेडणार कोण? दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कातकरी कुटुंबाने घेतलेली उचल आपल्याला चटकन दिसते, आपली स्वतःची दिसत नाही.

आणि 'दहा टक्के फ्लॅट' ऐकलं की कागद काढा. लाखाला तीन वर्षांत तीस हजार व्याज. मुद्दल दर महिन्याला घटतंय, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर. घटत्या शिलकीने मोजलं तर हाच दर अठराच्या आसपास जातो.

आर्मी ॲक्ट, 1950 मध्ये दोन कलमं आहेत, 28 आणि 29. जवानाच्या पगारावर दिवाणी कोर्टाची जप्ती येत नाही, कर्जापायी त्याला अटक होत नाही. तरुणपणी मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. मी घेतलेल्या कर्जाला वडील जामीन होते. माझे तीन हप्ते चुकले, आणि ऐन भातझोडणीत वसुलीची माणसं खळ्यावर येऊन उभी राहिली. कायद्याने मला झाकलं होतं, वडिलांना नाही. त्यांनी दुभती म्हैस विकली. पत्रात लिहिलं, 'म्हैस आटली होती.'

बँक निवडताना नुसतं झिरो बॅलन्स आणि फुकटचं कार्ड बघू नका. फौजींच्या पगार खात्यावर अपघात विमा असतो. त्याच्या अटी वाचा, आईलाही वाचून दाखवा. पैसे आता कुठूनही निघतात, पण सही जुळत नाही, केवायसी अडलं, दावा करायचाय, अशा वेळी शाखेतच जावं लागतं. धसईच्या किंवा डोळखांबच्या म्हातारीला जाऊन यायला जमेल अशी शाखा घ्या. नॉमिनीचं नाव पहिल्याच दिवशी.

चार वर्षांनी सेवानिधीतून सरकारचा वाटा धरून व्याजाशिवाय साधारण 10.04 लाख हाती येतील. एका बँकेत एका ठेवीदाराला विम्याचं संरक्षण व्याजासकट 5 लाखांचं. तेव्हा रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, मग तिचा चेअरमन सख्खा मामा का असेना.

दर 2 जानेवारीला सिद्धगडावर आपण स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांना फुलं वाहतो. 1943 साली ते तिथे गोळ्यांना बळी पडले. त्याआधी सावकाराच्या दारात कुणाला जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्याच्या बँका काढल्या होत्या, हे मात्र भाषणात फार कमी येतं.

समारंभ संपल्यावर मी मंडपाबाहेर बसतोय. कुणाच्या घरी कर्जाची कागदं असतील तर घेऊन या. चष्मा आणलाय.