अक्षतेचा तुटका कोपरा



अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. परंतु त्यांतील एक दाणा तळहातावर घेऊन निरखून पाहा. एका टोकाशी बारीकशी खाच दिसेल. तेथे भ्रूण होता. राईस मिलमध्ये तो कोंड्याबरोबर निघून गेला. म्हणूनच धान पेरले तर उगवते, तांदूळ उगवत नाही. मग आपल्या हाती उरले ते काय?

परागनलिकेतून बीजांडात दोन पुंयुग्मके येतात. त्यांतील एकाचा अंडपेशीशी संयोग होतो, हे १८८४ मध्ये श्ट्रासबुर्गर यांनी पाहिले होते. दुसऱ्याचे कार्य १८९८ मध्ये कीव येथे सर्गेई नवाशिन यांनी उलगडले : ते दोन ध्रुवीय केंद्रकांशी एकरूप होते. हेच द्विफलन. भातात अंडपेशीची १२ आणि पुंयुग्मकाची १२ मिळून २४ गुणसूत्रांचा भ्रूण होतो. त्याच्या शेजारी १२ अधिक १२ अधिक १२, असा ३६ गुणसूत्रांचा भ्रूणपोष. आपण शिजवतो तो हाच.

आपल्या छत्तीसगडात पोऱ्याच्या दिवशी अन्नमाता गर्भ धारण करते, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी शेतात पाऊल टाकत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लोंबी तेव्हा पोटरीत असते. फलन व्हायचे असते ते पुढे, फुलोऱ्यात. भाताचे फूल सकाळी थोडाच वेळ उघडते. त्या वेळी पावसाची झड आली किंवा कडक ऊन तापले, तर फलन चुकते आणि दाणा पोचट राहतो. फलन साधले, तर भ्रूणपोषाची केंद्रके भराभर विभागत जातात, पेशीभित्तिका मागाहून येतात, मग पिष्ट साठू लागते. दाणा दुधात आला असे शेतकरी म्हणतो, तो हा काळ. नारळाचे पाणी हाही द्रवरूप भ्रूणपोषच.

तुरीत मात्र वाढता भ्रूण सारा भ्रूणपोष आधीच संपवतो आणि अन्न आपल्या दोन बीजपत्रांत साठवतो. तेव्हा वरणभातातील भात हा भ्रूणपोष आणि वरण हा भ्रूणाचाच भाग! आपल्या पूर्वजांनी ही जोडी भ्रूणविज्ञान वाचून जुळवली नव्हती, एवढे नक्की.

याच रायपुरात डॉ. राधेलाल रिछारिया यांनी गावोगावच्या धानाचे हजारो वाण जमवले. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात आज २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. ते तांदूळ म्हणून नव्हे, तर धान म्हणून ठेवावे लागतात, कारण वाण टिकतो तो त्या कोपऱ्यातील भ्रूणामुळे. भ्रूण निर्जीव झाला तरी भ्रूणपोष जसाच्या तसा दिसतो. डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून उगवण तपासत राहावे लागते, आणि ती घटली की बी पुन्हा बांधीत उतरवून नवे धान घ्यावे लागते.